घाट उतरला की गाडी झटके खाते: कोल्ड एअर इनटेक आणि पावसाचं पाणी

ताम्हिणी घाटात गाडी कधी कुरकुरली नाही. कुरकुर सुरू व्हायची ती घाट उतरून निजामपूर मागे टाकलं की. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना भातखाचरं, खड्ड्यांत घोटाभर पाणी, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रक ते पाणी आपल्या बंपरवर ओतून जाणार. पुढच्या दोन-तीन किलोमीटरात गाडी झटके खायला लागायची. ॲक्सिलरेटर दाबला तर पिकअप नाही, सोडला तर आरपीएम इतका खाली जायचा की आता बंद पडते की काय अशी धाकधूक. मग चेक इंजिनचा पिवळा दिवा. माणगावला चहा होईपर्यंत बॉनेट उघडं ठेवलं की गाडी परत शहाण्यासारखी चालायची. दिवा मात्र दोन-तीन दिवस मुक्कामाला.

पहिल्या पावसाळ्यात हे तीनदा झालं, दुसऱ्यात दोनदा. गाडी १.५ लिटर पेट्रोल सेडान. कंपनीचा एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) काढून बाहेरचं कोल्ड एअर इनटेक किट, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारी नळी, बसवलेलं: ॲल्युमिनियमचा लांब पाइप इंजिनातून निघून डाव्या फॉग लॅम्पच्या मागे उतरतो आणि त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, म्हणजे कोन फिल्टर. थंड हवा तिथेच मिळते म्हणून तो तिथे. दुर्दैवाने पाणीही तिथेच मिळतं.

पहिली चूक मी केली ती म्हणजे फिल्टरला दोष दिला. नवीन फिल्टर आणला. मग त्यावर चढवायचा पाणी झटकणारा मोजा आणला. मोजा बरा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो, पण दुखणं गेलं नाही. शेवटी आमच्या मेस्त्रींनी एक वाक्य टाकलं आणि ते स्पार्क प्लगकडे वळले: "फिल्टरकडे काय बघताय साहेब, पाणी कुठून येतंय ते बघा ना."

आधी खात्री करा, दुखणं इनटेकचंच आहे ना

पावसात गाडीने झटका खाल्ला म्हणजे पाणी इनटेकमधूनच गेलं असं नाही. प्लगच्या विहिरीत पाणी साचलं, इग्निशन कॉइलचं रबर फाटलं असलं तरी हुबेहूब असंच होतं. बऱ्याचदा हे पावसाने नाही, तर वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरचं पाणी मारल्यामुळे झालेलं असतं. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी एकच कोड येत असेल तर एका ठरावीक सिलिंडरचं मिसिंग आहे, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही, आधी त्याची कॉइल काढून बघा. माझ्याकडे पी०१०१ आणि मागाहून पी०१७१ येत होते. पहिला एअरफ्लो सेन्सरचं गणित जुळत नाही म्हणतो, दुसरा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय म्हणतो.

हे दोन्ही एकापाठोपाठ का येतात ते समजून घेण्यासारखं आहे. एअरफ्लो सेन्सरच्या आत एक केसाएवढी बारीक तार तापवून ठेवलेली असते. वाहती हवा तिला थंड करते आणि तिचं तापमान टिकवायला किती करंट द्यावा लागला यावरून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) हवेचा हिशेब लावतो. त्या तारेवर पाण्याचा शिंतोडा बसला की ती भसकन थंड होते. ईसीयूला वाटतं हवा भरपूर येतेय, तो पेट्रोल जास्त सोडतो, गाडी गुदमरते. पाणी सुकतं, पण त्यातली माती आणि कोन फिल्टरला लावलेलं तेल तारेवर पापुद्रा धरून बसतं. आता उलटं: तार नीट थंड होत नाही, हवा कमी मोजली जाते, पेट्रोल कमी पडतं. म्हणून चहा पिऊन झाल्यावर गाडी चालते, पण दिवा जात नाही.

तुमच्या गाडीत असा सेन्सर नसेल (अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत फक्त मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा, दाब मोजणारा सेन्सर असतो) तर हे नाटक कमी दिसेल. मात्र याचा अर्थ पाणी जात नाही असा नाही. तुम्हाला फक्त सूचना मिळत नाही.

खात्रीची आणखी एक साधी खूण. गाडी बंद करा, पाइप सेन्सरच्या अलीकडे सोडवा आणि आतून बोट फिरवा. कोरडं बोट काळसर निघालं तर ठीक. माझं बोट लालसर निघालं. पुण्याहून निघालेल्या गाडीच्या नळीत कोकणची तांबडी माती.

खडूच्या रेघा

पाणी कुठून येतंय हे शोधायला मी केलेला प्रयोग दहा रुपयांचा आहे. बंपर आणि चाकावरचा आतला काळा प्लास्टिकचा लायनर काढला. शाळेचा पांढरा खडू ओला करून लायनरच्या फिल्टरकडच्या बाजूला, बंपरच्या पाठीवर आणि पत्र्यावर जाड रेघा ओढल्या. कुठली रेघ कुठे आहे याचे फोटो काढले. पाइपाला वर, मध्ये आणि खाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटपट्टीने बांधल्या. फिल्टरपासून मात्र वीतभर लांब, कारण कागदाचा लगदा आत ओढला गेला तर नवीन उपद्व्याप. सगळं परत बसवलं, पावसात पिरंगुटपर्यंत जाऊन आलो आणि पुन्हा खोललं.

मला वाटत होतं पाणी समोरून, जाळीतून येत असणार. बंपरच्या पाठीवरच्या रेघा जवळपास जशाच्या तशा. लायनरवरच्या रेघा मात्र मागच्या कोपऱ्यापासून पुढे तिरप्या धुऊन निघालेल्या, अगदी पिचकारी मारल्यासारख्या. पाणी पुढचं डावं टायर उडवत होतं. किट बसवताना पाइपाला जागा व्हावी म्हणून लायनर तळहाताएवढा कापलेला होता, आणि परत बसवताना सात क्लिपांपैकी दोनच लावल्या होत्या. बाकीच्या पाच कदाचित त्या गॅरेजच्या फरशीवर अजून पडल्या असतील. वेगात लायनर फडफडायचा आणि टायरचं पाणी सरळ फिल्टरच्या तोंडावर. मोजा तरी काय करणार?

तुमच्याकडे उत्तर वेगळं निघू शकेल. फॉग लॅम्पची जागा मोकळी ठेवली असेल तर पाणी खरंच समोरून येईल. बंपरखालचं प्लास्टिक तुटलं असेल तर खालून. पण अंदाजाने काही विकत घेण्याआधी या रेघा ओढा.

किती पाणी म्हणजे जास्त

इथे थोडा धीर देतो आणि मग थोडी भीती घालतो. पावसाचे थेंब, तुषार, दमट हवा यांनी इंजिन मरत नाही. मिनिटाला शेकडो लिटर हवा आत जात असते, तिच्याबरोबर गेलेला तुषार सिलिंडरमध्ये वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतो. फिल्टर नुसता दमट झाला म्हणून रात्रीची झोप घालवू नका.

इंजिन मरतं ते पाणी एकगठ्ठा गेल्याने. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. गणित घरी करता येतं. १४९७ सीसी भागिले चार, म्हणजे एका सिलिंडरचे साधारण ३७४ सीसी. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) १० धरला तर पिस्टन सगळ्यात वर असताना शिल्लक राहणारी जागा ३७४ भागिले ९, म्हणजे ४१-४२ मिलिलिटर. अर्धं कटिंग. एका सिलिंडरमध्ये तेवढं पाणी गेलं की पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही, आणि वाकायला सगळ्यात मऊ सापडतो तो पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. डिझेलचा रेशो मुळातच जास्त. १२४८ सीसीच्या इंजिनाला १७ धरला तर हाच आकडा २० मिलिलिटरच्या आत येतो.

म्हणून टेप घेऊन दोन उंच्या मोजा. माझ्या गाडीत किटच्या फिल्टरचा तळ जमिनीपासून ३१ सेंटिमीटर. कंपनीच्या बॉक्सच्या नळीचं तोंड ६८ सेंटिमीटर. कंपनीने ती नळी हेडलाइटच्या वर, रेडिएटरच्या पट्टीजवळ नेली, मध्ये मोठा डबा ठेवला आणि डब्याच्या बुडाला पाणी निघायला भोक ठेवलं, हे सगळं काही आपल्या हॉर्सपॉवर मारायला केलेलं नाही.

रस्त्यावर टेप घेऊन उतरता येत नाही, त्यामुळे टायरवरून अंदाज बांधा. १५ इंची रिमवरचं नेहमीचं टायर उभं साधारण ६० सेंटिमीटर भरतं. म्हणजे पाणी चाकाच्या मध्यावर आलं की माझा फिल्टर बुडाला. त्यातही गाडी पुढे जाताना बंपरसमोर लाट उचलते, ती आणखी वर. फिल्टर खाली असलेल्या गाडीने अर्धं चाक बुडेल अशा पाण्यात उतरायचंच नाही, आणि चाकाच्या पावभागावर पाणी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, लाट न उठवता. शेजारून कोणी मोठी गाडी भरधाव नेत असेल तर थांबून तिला जाऊ द्या. लाट तिची की तुमची, हे तुमच्या फिल्टरला कळत नाही.

मी काय काय बसवलं

लायनर नवा घेतला आणि सातच्या सात क्लिपा लावल्या. जिथून पाइप जातो तिथे कापण्याऐवजी गोल भोक पाडून त्याच्या कडेला दाराच्या बीडिंगचं रबर बसवलं. खरं सांगायचं तर ऐंशी टक्के दुखणं इथेच संपलं.

मग फिल्टरभोवती एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा आडोसा. तो करताना लोक फिल्टरला पत्रा गुंडाळून टाकतात आणि मग गाडीला दम लागतो. पत्रा फिल्टरपासून दीड-दोन बोटं लांब हवा, टायरकडची आणि समोरची बाजू झाकलेली, आणि आतल्या, इंजिनकडच्या बाजूला व खाली मोकळा. खाली मोकळा यासाठी की आत आलेलं पाणी साचता कामा नये. कडा दुमडून घ्या, नाहीतर तो पत्रा कंप पावत पाइपाला खातो.

त्यावर मोजा. हा तेल न लावलेल्या, पाणी झटकणाऱ्या कापडाचा येतो आणि शिंतोड्यांना उत्तम अडवतो. पण तो म्हणजे रेनकोट, पाणबुडीचा पोशाख नाही. फिल्टर बुडाला तर मोजाही बुडतो आणि इंजिनाची ओढ त्यातून पाणी खेचते. चिखलाने लिंपलेला मोजा हवाही अडवतो, त्यामुळे कोकणातून आलं की काढून झटकायचा, साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा.

बायपास व्हॉल्व्ह नावाचा एक प्रकार मिळतो. पाइपाच्या वरच्या भागात बसतो. खाली फिल्टर बुडून ओढ वाढली की तो उघडतो आणि वरून हवा घेतो. कल्पना चांगली आहे, पण व्हॉल्व्ह स्वतः पाण्याच्या वर असेल तरच तिला अर्थ, आणि टर्बोच्या गाडीला तो लावायचा नसतो. मी लावला नाही. ज्या पाण्यात त्याची गरज पडेल त्या पाण्यात मला गाडी घालायचीच नाही.

बऱ्याच किटचा पाइप दोन तुकड्यांत असतो. मधल्या सिलिकॉनच्या जोडाशी खालचा तुकडा काढून फिल्टर थेट वरच्या तुकड्याला लावता येतो. फिल्टर बॉनेटखाली येतो, पाण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. तिथली हवा गरम, सिग्नलला उभं राहिलं की आणखी गरम, हे खरं. पण जुलैत बाहेर चोवीस अंश असताना आणि पुढे कंटेनरची रांग असताना ती हरवलेली ताकद तुम्ही वापरणार कुठे? तसंही या किटने आपल्याला मुख्यतः आवाज दिलेला असतो, आणि तो तुकडा काढल्यावर उलट वाढतो.

जे करू नका

फिल्टरला प्लास्टिकची पिशवी बांधू नका. अर्धी बांधली तरी नको. ओढीने ती फिल्टरला चिकटते. नायलॉनचे जुने पायमोजे पाणी झटकत नाहीत, फक्त धरून ठेवतात. आणि एक सल्ला फार ऐकू येतो: पाइपाच्या सगळ्यात खालच्या वळणाला बारीक भोक पाडा, पाणी आपोआप गळून जाईल. नाही जाणार. इंजिन चालू असताना पाइपात ओढ असते, त्यामुळे त्या भोकातून पाणी बाहेर जायच्या ऐवजी रस्त्यावरची धूळ आणि पाणी आत येतं, तेही फिल्टरला वळसा घालून. कंपनीच्या डब्याला भोक असतं ते फिल्टरच्या अलीकडे, हा फरक विसरायचा नाही.

भिजलेल्या फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कापूस फाटतो. उन्हात नाही, पंख्याखाली वाळवा. तेलाचा असेल तर पूर्ण वाळल्यावरच तेल, आणि तेही हात राखून. जास्तीचं तेल जाऊन बसतं त्याच तारेवर. सेन्सरला फक्त एअरफ्लो सेन्सरचाच स्प्रे. कार्ब क्लीनर नको, कान साफ करायची काडी तर नकोच नको. तारेला काहीही न लावता फवारायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं.

पाण्यात गाडी बंद पडली तर

सेल्फ मारू नका. एकदाही नाही. इंजिन कमी आरपीएमवर बंद पडलं असेल तर रॉड अजून सरळ असण्याची शक्यता चांगली असते. बरेच रॉड वाकतात ते नंतरच्या "एकदा बघू तरी" मध्ये. माझ्या एका मित्राने अंधेरी सबवेत डिझेल गाडीला तीनदा सेल्फ मारला. तिसऱ्या वेळी टक्क असा आवाज आला आणि दोन रॉड गेले.

मदतीला चार पोरं धावून येतील आणि "काका, दुसऱ्यात टाका, धक्का मारतो" म्हणतील. धक्का घ्या, पण न्यूट्रलमध्ये. गिअरमध्ये धक्का म्हणजे सेल्फचाच भाऊ. उथळ जागी गाडी आणा, इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह सुटी करा, आणि टोइंग बोलवा. पुश बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर पाय ठेवून सवयीने बटण दाबलं जातं, तेवढं सांभाळा.

गॅरेजमध्ये काम कोणत्या क्रमाने होतंय ते उभं राहून बघा. आधी फिल्टर आणि पाइप काढून आत पाणी आहे का. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसतंय का. दिसत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. मग चारही प्लग बाहेर, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे. अडकलं नाही तर कॉइल आणि इंजेक्टरची सॉकेटं काढून मग थोडा सेल्फ. प्लगच्या भोकातून पाणी उडेल, तोंड वर आणू नका. शेवटी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन. एकाच सिलिंडरचं कमी आलं तर तो रॉड किंचित वाकलेला असू शकतो. अशी गाडी चालू होते, घरी पण येते, आणि काही महिन्यांनी रॉड ब्लॉक फोडून बाहेर डोकावतो.

विम्याचं थोडक्यात: पाणी गेल्यावर सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बहुधा बसत नाही; त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचा वेगळा ॲड-ऑन असतो. आणि विमा कंपनीला न सांगता बसवलेलं इनटेक किट सर्व्हेअरला बॉनेट उघडताच दिसतं.

सध्या काय चालू आहे

आडोसा, मोजा, नवा लायनर या सगळ्यांसह मागचा अख्खा पावसाळा दिवा लागला नाही. तरीही आता मेच्या शेवटी मी कंपनीचा बॉक्स परत बसवतो आणि किट माळ्यावर टाकतो. दसरा झाला की उलट. मेस्त्री हसतात, पण मला चाळीस मिनिटं लागतात: चार बोल्ट, दोन जुबिली क्लिपा (नळी आवळायच्या पट्ट्या) आणि सेन्सरचं एक सॉकेट. सॉकेट काढताना चावी बंद हवी. चालू असताना काढलंत तर दिवा लागेल आणि तुम्ही पुन्हा पाणी शोधत बसाल. सेन्सरवर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो इंजिनाकडे हवा. मी पहिल्यांदा उलटा बसवला होता.